डाव्या हाताची थरथर

पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या संस्थेत मुद्रितशोधन करणाऱ्या बाईंची चार दिवस झोप उडाली होती, तीही एका अनुस्वारापायी. चौथीचं पुस्तक छापायला गेलं होतं, आणि पान बेचाळीसवर आईने बाळाला 'मांडीवर' ठेवलंय की 'माडीवर', हे त्यांना काही केल्या आठवत नव्हतं. चाळीस हजार प्रती म्हणजे चाळीस हजार बाळं माडीवर एकटी!

"ताण कमी करा," डॉक्टर म्हणाले.

"कसा?"

"कशाला तरी बडवा."

म्हणून वयाच्या बावन्नाव्या वर्षी बाई किकबॉक्सिंगला जाऊ लागल्या. नवऱ्याला सांगितलं, ऑफिसात जादा काम आहे. तो हसेल ही एक भीती. हसला नाही आणि बघायला आला, तर ही दुसरी.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या हातमोजे चढवून टांगलेल्या पिशवीसमोर उभ्या होत्या. शिकवणारी मुलगी त्यांच्या खांद्याला लागत होती. आवाज मात्र हॉलभर पुरायचा.

"काकू, गोंजारू नका तिला! हाणा!"

काकूंनी डोळे मिटून हाणली. पिशवी धपकन हलली. बाईंना फार बरं वाटलं. त्यांनी आणखी एक हाणली, आणि त्याच क्षणी डाव्या हातात काहीतरी थरथरलं.

बाई जागच्या जागी थिजल्या. डावा हात! थरथर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. डाव्या हातापासून काय काय सुरू होतं, हे त्यांनी आरोग्याच्या पाठात स्वतः तीनदा तपासलं होतं, अगदी स्वल्पविरामांसकट. त्याच पाठात लिहिलं होतं, 'अजिबात हालचाल करू नये.' त्या हळूच चटईवर आडव्या झाल्या आणि श्वासही बेताने घेऊ लागल्या.

"काकू! काय झालं?"

"हात," बाई ओठ न हलवता म्हणाल्या. "डावा."

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने पट्टा ओढून मोजा काढला. आत मनगटावर परगावच्या लेकीने पाठवलेलं घड्याळ गुरगुरत होतं. आई कुठे पडली, आपटली तर लगेच कळावं म्हणून लेकीने ते धाडलं होतं. मुलीने पडदा वाचला.

"जोराचा आघात झाला आहे. आपण ठीक आहात का?... काकू, हे तुम्हालाच विचारतंय."

"ठीक आहे म्हणावं!" बाई ताडकन उठून बसल्या.

"आता उशीर झाला. 'हालचाल नाही. तिघांना निरोप पाठवला आहे.' पत्त्यासकट पाठवलाय."

हात थरथरण्यापेक्षा हे भयंकर होतं. त्या धावत कपाटाशी गेल्या. उजवा मोजा तसाच हातात, त्यामुळे चावी कुलपात जाईना. शेवटी मुलीने कपाट उघडून दिलं. फोनवर सतरा हुकलेले कॉल होते. नवऱ्याला लावावा तर व्यस्त, कारण तो यांनाच लावत होता. लेक मात्र पहिल्या रिंगला सापडली.

"आई! तू शुद्धीवर आहेस?"

"आहे गं! मी पिशवीला मारत होते."

"कुणाची पिशवी? आई, चोर आहे का तिथे? मी पोलिसांना कळवते!"

"नको! अगं, पिशवी माझीच... म्हणजे क्लासची—" फोन कटला. मधेच तिघांतल्या तिसऱ्यांचा, मुख्य संपादकांचा निरोप येऊन पडला होता: 'आघात कसला? पुस्तकात काही निघालं का?'

जिन्यावर धडधड पावलं वाजली आणि नवरा दारात येऊन उभा राहिला. केस विस्कटलेले, शर्टाची बटणं एकाआड एक. बायको धडधाकट, एका हातात लाल मोजा. त्याने दाराच्या चौकटीला धरलं.

"अगं... तू इथे?"

"सांगते," बाई घाईघाईने म्हणाल्या. "माझं चुकलं. मी खोटं बोलले. ऑफिसात काही काम नव्हतं. तुम्ही आधी बसा, पाणी घ्या—"

"अरे, काका!" शिकवणारी मुलगी मागून आनंदाने ओरडली. "आज संध्याकाळी कसे? तुमची तर सकाळची बॅच ना?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"किती दिवस?" बाईंनी विचारलं.

"दोन... दोन वर्षं होतील आता."

"काकांचा ठोसा म्हणजे ठोसा हं," मुलगी कौतुकाने म्हणाली. "सुरुवातीला जमत नव्हतं त्यांना. मग मी सांगितलं, काका, ज्याचा ताण येतो ना, त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. त्या दिवसापासून जे सुटलेत!"

"असं?" बाई म्हणाल्या. "मग कोणाचा चेहरा आणता हो?"

नवरा खाली वाकला आणि मन लावून बुटाची नाडी बांधू लागला. पायात चपला होत्या.