समुद्र दिसतो का? हो की नाही?

आमच्या वरच्या मजल्यावरचे वकीलकाका हॉटेलात खोली शिल्लक आहे का, हे विचारण्याआधी फोनवरच्या माणसाला शपथ घ्यायला लावतात.

“पूरा नाम बोलो. वालिद का नाम भी. अब बोलो, जो बोलूँगा सच बोलूँगा.”

पलीकडे अंदमानातल्या कुठल्याशा बेटावरच्या हॉटेलातला एखादा बिचारा पोरगा असतो. त्याला वाटतं, पोलीस ठाण्यातून फोन आलाय. निम्मे तर घाबरून फोनच ठेवतात. ठेवला की काका माझ्याकडे वळून समाधानानं म्हणतात, “पळाला! खोट्याला शपथ पचत नाही, मुकुंदा.”

मुकुंदा म्हणजे मी. हैदराबादेत नारायणगुड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये काका तिसऱ्या मजल्यावर, आणि मी बरोबर त्यांच्या खाली. काकांना ऐकू कमी येतं, म्हणून त्यांचा फोन सदैव स्पीकरवर, आणि त्यांची गॅलरी आमच्या गॅलरीच्या डोक्यावर. त्यामुळे त्यांच्या घरातलं गुपित असं आमच्या घरात काही उरलेलं नाही. मी मुद्दाम ऐकत नाही. पण कान काही काढून ठेवता येत नाहीत ना.

काकांनी उभा जन्म दिवाणी कोर्टात काढला. जमिनीचे दावे. कोर्टात त्यांच्याबद्दल बोललं जायचं की काका केस हरत नाहीत, जिंकतही नाहीत, चालवतात. पक्षकार यायचे, दिवाणखान्यात ठाण मांडायचे, चहा प्यायचे, जाताना सीताफळांची टोपली ठेवून जायचे. आता कोर्ट सुटलं, काकू गेल्या, सीताफळं बंद झाली. उरली ती उलटतपासणी. भाजीवाला “ताजी आहे” म्हणाला की काका विचारतात, “तोडताना तू स्वतः पाहिलीस, की ऐकीव माहिती?” भाजीवाला आता आमच्या बिल्डिंगसमोर ओरडतच नाही, गाडा ढकलत गुपचूप पुढे जातो. त्यामुळे आम्ही सगळेच परेशान.

तर हॉटेलचं प्रकरण असं सुरू झालं. मृणाल ही काकांची एकुलती एक लेक. टोरांटोला असते. सुटीवर हैदराबादेत आली की नल्लकुंट्याच्या आत्या आणि हिमायतनगरच्या मावश्या तिला जेवायला घालून घालून सुटी संपवतात. बापलेकीचं निवांत बोलणं काय ते विमानतळाच्या टॅक्सीत. यंदा तिनं ठरवलं की कुणाकडे जायचंच नाही. ती, जावई, नात आणि बाबा, सगळ्यांनी आठवडाभर सरळ एका बेटावर जाऊन राहायचं.

“बाबा, हॉटेल तुम्हीच निवडा,” ती म्हणाली. “तुम्हाला दुसरं काम काय आहे?”

वकिलाला असं म्हणू नये.

काका कामाला लागले. त्यांनी समुद्र जवळून कधी पाहिलेला नाही. आमच्याकडे मोठं पाणी म्हणजे हुसेनसागर, आणि तो आपला मानानं सागर. पण त्यामुळे काकांचं काही अडलं नाही. एका हॉटेलच्या फोटोत झोपाळ्याची सावली डावीकडे पडली होती आणि नारळाची उजवीकडे. “हा नारळ मागाहून चिकटवलेला आहे,” काका म्हणाले, आणि हॉटेल बाद. दोन हॉटेलांच्या फोटोंत किनाऱ्यावर एकच कुत्रं, एकाच जागी, एकाच कुशीवर झोपलेलं. “एक कुत्रं दोन मालकांचा किनारा राखतं होय रे?” दोन्ही हॉटेलं बाद.

लोकांनी लिहिलेले अभिप्राय ते वाचत, पण फक्त शिव्या घातलेले. “पाच तारे देणारा मालकाचा मेव्हणा असतो,” हा त्यांचा सिद्धांत. आणि एकाच हॉटेलला सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा फोन. साक्षीदार वेगवेगळे तपासायचे असतात म्हणे.

“मियाँ, कमरे से समंदर दिखता क्या? हाँ या ना?”

“सर, वैसे तो सी-फेसिंग है…”

“फेसिंग नक्को बोलो. तोंड तर माझंही मक्केकडे आहे, मक्का दिसते का? हाँ या ना?”

“सर, थोड़ा झुकेंगे तो…”

“साक्षीदार फुटला!” काका टाळी वाजवायचे.

एका हॉटेलातली मुलगी मात्र शपथ घेऊन खरंच खरं बोलली. पावसाळ्यानंतर किनाऱ्यावर शेवाळ येतं, म्हणाली. वर शेजाऱ्यानं आमच्या परसात कुंपण सरकवलंय, काय करू, असंही विचारून बसली. काकांनी तिला अर्धा तास फुकट सल्ला दिला. दुसऱ्या दिवशी कुंपणाचं काय झालं म्हणून आपणहून फोनही केला. हॉटेल अर्थातच बाद. “पोरगी गुणाची आहे. तिच्यामुळेच तर शेवाळ कळलं.”

आणि हे सगळं रोज दिवेलागणीला मृणालला सांगायचं. तिकडे तेव्हा सकाळ. आधी तिचा फोन फक्त रविवारी यायचा. तोही मला पाठ झालेला: “गोळ्या घेता ना? पंखा दुरुस्त झाला ना? बरं, ठेवू?” आता तासतासभर चाललेलं असायचं. नारळाच्या सावलीवरून बापलेकीची जुंपायची. नात मधूनच “आजोबा, शार्क असतात का विचारा ना!” म्हणून ओरडायची. काका दुपारपासूनच मुद्दे घोळवत गॅलरीत फेऱ्या मारायचे. आमच्या डोक्यावर.

असं करता करता बेटावरचं हॉटेल काही ठरेना. एके दिवशी मृणालनं मलाच फोन केला.

“मुकुंददादा, तू काहीतरी कर ना! खोल्या भराभर संपतायत. ह्या रविवारपर्यंत ठरलं नाही ना, तर बेट रद्द. हे म्हणतात, मग सुटी सरळ नागपूरला ह्यांच्या आईकडे काढू. मला ह्यांना आता थोपवता येत नाहीये. बाबांना एवढं कळत कसं नाही?”

मलाही कळत नव्हतं. एवढा हुशार माणूस, लेक हातची जायची वेळ आली तरी नारळाच्या सावल्या मोजत बसतो, म्हणजे काय म्हणावं! मी ऑफिसात विचारपूस केली. आमचा एक जण नुकताच अंदमानला जाऊन आला होता. त्यानं एका हॉटेलचा नंबर दिला. फोटो म्हणाल तर एकच, तोही कॅमेऱ्यावर अंगठा आल्यासारखा.

वर गेलो, फोन लावला. मालकीणबाईंनीच उचलला. शपथेला हसल्या, पण घेतली.

“समंदर दिखता क्या?”

“ऊपर के कमरे से दिखता है. नीचे से नहीं.”

“मच्छर?”

“शाम को हैं. जाली लगी है.”

“खाना?”

“मछली अच्छी. दाल ठीक-ठाक.”

काका थांबले. त्यांनी समुद्र पुन्हा उलटा फिरवून विचारला, मच्छर तिरके विचारले. बाई तसूभर हलल्या नाहीत. शेवटी काकांनी “शुक्रिया” म्हणून फोन ठेवला आणि चष्मा पुसत बसले.

“काय काका?”

“साक्षीदार खरा आहे,” ते म्हणाले. हरल्यासारखं म्हणाले.

तेवढ्यात मृणालचा फोन आलाच. काकांनी सगळं सांगितलं, दाळीसकट. मग म्हणाले, “कर बुक.”

“खरंच? सुटले बाई एकदाची!” तिकडून आवाज आला. “बाबा, थँक्यू. आता रोज रोज तुम्हाला त्रास नको. रविवारी बोलूच.”

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला डोक्यावर फेऱ्यांचा आवाज आला नाही. बायको म्हणाली, “बघून तर या.” मी वर गेलो. काका गॅलरीत खुर्चीवर बसले होते. समोर स्टुलावर फोन. त्याच्याकडे बघत नव्हते, मुद्दाम रस्त्याकडे बघत होते.

“छान झालं ना काका? ठरलं एकदाचं.”

“हौ. छान झालं.” मग रस्त्याकडेच बघत म्हणाले, “मुकुंदा, वकिलीत एक शिकलो बघ. केस चालू असते तोवर पक्षकार रोज येतो. बसतो, चहा घेतो, घरचं सुखदुःख बोलतो. निकाल लागला की तोच माणूस रस्त्यात ओळख देत नाही. त्याचा काय दोष? त्याचं काम झालेलं असतं.”

मला एकदम नारळ, कुत्रं आणि शेवाळ, सगळ्याचा उलगडा झाला. मी आपलं म्हणालो, “निकालानंतर अपील असतं ना काका?”

“असतं. पण निकालात खोट दाखवावी लागते.”

“दाखवा की! तुम्हाला काय अवघड आहे?”

काकांनी मान हलवली. “नाही रे. हॉटेल चांगलं आहे. पोरीला समुद्र दिसेल.”

मी खाली आलो. दार लावून मृणालला फोन केला.

“हॉटेल झालं, पण वाळूत चालायला चपला कुठल्या आणायच्या, ते बाबांना विचार,” मी म्हणालो.

“दादा, चपलांचं काय विचारायचं त्यांना?”

“विचार तर. आत्ता विचार. आणि ते म्हणतील ते लगेच कबूल करू नकोस. भांड जरा. चपला झाल्या की टोप्या आहेत, टोप्या झाल्या की छत्र्या आहेत.”

“अगं बाई,” एवढंच ती म्हणाली, आणि ठेवलाच फोन.

वर घंटी वाजली. पहिल्याच घंटीला उचलला काकांनी.

“रबरी? कोण म्हणालं रबरी? मृणाल, हे प्रकरण तुला वाटतं तेवढं सोपं नाही. थांब, आधी शपथ घे.”

“बाबा, मला ऑफिसला जायचंय!”

“घे म्हणतो ना.”

मी गॅलरीत उभा होतो. स्पीकरवरून मृणालचे शब्द स्पष्ट ऐकू आले. “मी, मृणाल, जे सांगेन ते खरं सांगेन.”

“हां. आता बोल,” काका म्हणाले, आणि आमच्या डोक्यावर फेऱ्या सुरू झाल्या.