तीन नंबरची क्रेन

आमच्या शेजारच्या मेश्रामकाकांच्या भिंतीवर दोन घड्याळं आहेत. एकाखाली लिहिलंय 'वॉटफर्ड', म्हणजे लंडनजवळचं आमचं गाव, दुसऱ्याखाली 'बेट'. दोन्हींत कायम एकच वेळ.

"तिथली आणि इथली वेळ सेमच आहे," काका म्हणाले.

"मग दुसरं घड्याळ कशाला?"

"तिथं किती वाजले ते कळायला नको का?"

पुण्याची असूनही मी हा वाद सोडून दिला.

बेट म्हणजे अटलांटिकमधल्या कॅनरी बेटांपैकी एक. तिथल्या शहराचं बंदर काकांच्या टीव्हीवर दिवसभर चालू असतं. बंदरावरच्या कॅमेऱ्याचं चित्र. ना आवाज, ना गोष्ट. काका मूळचे नागपूरचे, इथल्या हॉस्पिटलातून रिटायर झालेले. नागपूर काय, वॉटफर्ड काय, समुद्र औषधालाही नाही. पण तोंडी सारखं, "बोट लागली", "कंटेनर उतरून राहिले". आपल्या दारातली कचऱ्याची बिन कधी बाहेर ठेवायची ते मात्र मला विचारतात.

त्यात क्रेन बंद पडली की हा माणूस खूश! परवा ऐन मीटिंगमध्ये मेसेज आला: 'तीन नंबर बंद पडली. लवकर ये. चिवडा केला आहे.' परमुलखातल्या क्रेनने यांचं काय घोडं मारलंय, मला कळेना. चिवड्यासाठी गेले.

काका टीव्हीसमोर उभे होते. क्रेनच्या शिडीवर नारिंगी हेल्मेटचा एक ठिपका चढत होता.

"प्रज्ञा," काका म्हणाले. "आमची पोरगी. क्रेन बिघडली की तिलेच बोलावतात. एरवी दिसत नाही ना."

यांना मुलगी आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

"अहो काका, मग व्हिडिओ कॉल करा ना!"

"करते ना ती, दर संडेला. म्हणते, पप्पा, माझा डेस्क जॉब आहे, काळजी करू नका. तिच्यासंग काम करणाऱ्या पोरानं मले कधीच खरं सांगून टाकलं. तरी मी म्हणतो, बरं."

"तुम्ही रोज बघता हे तिला सांगितलंच नाही?"

"काहून सांगू? चढताना कॅमेऱ्याकडे पाहीन ना ती. पाय घसरला म्हणजे?"

ठिपका आणखी वर सरकला. काकांनी टीव्हीखाली दोन्ही हात पसरून धरले.

ती उतरायला लागली तरी हात तसेच. मी चिवड्याची बशी खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी माझेही हात धरले. कशासाठी, ते मला विचारू नका.