पाद्र्याच्या ताटातला पाला

शिवदास तांडेल माणूस निवडताना चुकत नाही, असं अख्खं करंजा गाव म्हणायचं, आणि शिवदासचंही तेच मत होतं. तांडेल म्हणजे नावेचा म्होरक्या; नवा खलाशी नावेवर घ्यायचा तर तो ना त्याचे दंड बघायचा, ना बापाचं नाव विचारायचा. आधी घरी जेवायला बोलवायचा आणि पानात पाला वाढायचा. पाला म्हणजे मांसापेक्षा काटेच जास्त असलेला मासा. तो जो निवांत खातो, ठसकत नाही आणि काटे नीट बाजूला काढतो, तो वाऱ्या-वादळातही डोकं ठिकाणावर ठेवतो, हे शिवदासचं शास्त्र होतं. माणूस पसंत पडला की त्याच्या हातावर विडा. विडा चघळला की तो हंगामभर बांधला गेला.

एकतीस सालच्या जूनमध्ये त्याचा हरेश्वर मॅट्रिक झाला. त्याला मुंबईला पाद्र्यांच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकायचं होतं. तिथल्या प्रयोगशाळेचं वर्णन मास्तरांनी एकदा शाळेत केलं होतं, तेव्हापासून पोराला दुसरं काही सुचत नव्हतं. त्याची आई केसर मात्र ऐकायला तयार नव्हती.

"जाताना हरेश्वर जाईल आन येताना हेन्री होऊन येईल," ती म्हणाली. "त्यापरीस घरची नाव हाय, तिच्यावर बस म्हनावं."

"अगो, कालेज म्हंजे तरी काय, एक नावच," शिवदास म्हणाला. "तांडेल बरा तर नाव बरी. तिथल्या मोठ्या पाद्र्याला मी पाला खिलवतो. धड खाल्ला तर पोर त्याच्या हवाली, न्हाय तर पोर नावेवर."

"बाबा, कालेजवाले परीक्षा आपली घेतात," हरेश्वरने चाचरत सांगितलं.

"घेऊ दे की. आपन त्यांची घेऊ."

झालं. केसरने पाल्याचं कालवण करून डेगचीत भरलं, भात बांधून घेतला, आणि बाटवणाऱ्याचं तोंड एकदा बघायचंच म्हणून स्वतःही निघाली. मोरा बंदरावर बोट धरून तिघं मुंबईला उतरली. वाटभर हरेश्वर त्या डेगचीकडे असा बघत होता, जणू त्याचं नशीब तिच्यातच शिजलं होतं. आणि खरं सांगायचं तर तसंच होतं.

कॉलेजच्या आवारात झाडाखाली एक आडदांड, पांढऱ्या दाढीचा गोरा पाद्री बसला होता. झगा वर खोचलेला, चेहऱ्यावर तुकतुकी. शिवदासला तो बघताक्षणी आवडला. त्याने सरळ पान मांडलं.

"आधी दोन घास खा बाबा, मग बोलू."

"वा," पाद्री स्वच्छ मराठीत म्हणाला, "आज शुक्रवार. शुक्रवारी आम्हाला मटण वर्ज्य, पण मासा चालतो."

"म्हंजे उपासाला मासे?" केसरने विचारलं.

"तसंच म्हणा."

"धर्म वाईट न्हाय," शिवदास म्हणाला. केसरने घाईघाईने हरेश्वरच्या कानावर हात ठेवले.

पाद्री बोटांनी जेवला. एक काटा घशात गेला नाही की एक मांसाचा कण काट्यावर राहिला नाही. त्याने पुन्हा वाढून घेतलं, डोकंही चोखलं. तीस वर्षं दर्यावर काढलेला शिवदास त्या पानाकडे भक्तिभावाने बघत राहिला. मग त्याने विडा काढून पाद्र्याच्या हातावर ठेवला.

"ठरलं. पोर तुमच्या हवाली."

पाद्र्याने विडा तोंडात टाकला. "माझी हरकत नाही. पण याला बागकामाची आवड आहे का?"

"बागकाम कशाला? शिकायला आनलाय."

"मग प्राचार्यांना भेटा. मी इथली बाग बघतो."

शिवदासने आयुष्यात पहिल्यांदा चुकीच्या माणसाला विडा दिला होता. पण तो डगमगणारा नव्हता. डेगचीत एक तुकडा उरलेला होता. तो ताटात घेऊन शिवदास बायको-पोरासकट सरळ प्राचार्यांच्या खोलीत शिरला.

प्राचार्यही पाद्रीच, पण काडीसारखे बारीक. त्यांनी हरेश्वरचे गुण वाचले, दोन प्रश्न विचारले आणि प्रसन्न होऊन म्हणाले, "प्रवेश दिला."

हरेश्वरचा चेहरा उजळला.

"थांबा," शिवदास म्हणाला आणि त्याने कागदांवरच ताट ठेवलं.

पाहुण्यांचं मन मोडू नये म्हणून प्राचार्यांनी काटा-चमचा मागवला. पहिल्याच घासाला माशाचा काटा घशात अडकला. ते ठसकले, लाल झाले, त्यांचा चष्मा रश्श्यात पडला. शिवदासने धावत जाऊन, गटांगळ्या खाल्लेल्या खलाशाला घालतात तसा त्यांच्या पाठीत रट्टा घातला. त्या रट्ट्याने चष्म्यापाठोपाठ शाईची दौतही कलंडली. शेवटी केसरने कोरड्या भाताचा गोळा करून त्यांच्या तोंडात कोंबला, तेव्हा कुठे काटा खाली उतरला.

हरेश्वर भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शिवदासलाही वाईट वाटलं, पण असा माणूस त्याने नावेत पाणी उपसायलासुद्धा ठेवला नसता.

"चल हरेश्वर. ह्याला न्हाय जमायचं."

"बसा खाली," केसर म्हणाली. "पोर हितंच ऱ्हानार."

"अगो, नापास झाला तो."

"म्हनून तर. बाहेरचा तो दाढीवाला असता तर मी पोराला मागं नेला असता. त्यानं अख्खा पाला काट्यापासून सोडवला, माज्या पोराला देवापासून सोडवायला त्याला किती येळ? ह्या बिचाऱ्याला ताटातला मासा सोडवता येईना. हा काय माज्या पोराला बाटवनार?"

शिवदासने विचार केला आणि खाली बसला. प्राचार्य चष्म्यावरचा रस्सा पुसत होते. त्यांना मराठी चांगलं कळत होतं.

"बाई, आम्ही याला फक्त रसायनशास्त्र शिकवू," ते खोल गेलेल्या आवाजात म्हणाले.

"शिकवा की," केसर म्हणाली. "फकस्त बागेत धाडू नका."