फरशीवरचा साप

“गोट्या खेळतेस? डोक्यातही गोट्याच भरतील!” गणिताच्या सरांचा हा आवाज विज्ञानाच्या बाईंच्या कानात दोन वेण्यांच्या वयापासून मुक्काम ठोकून होता. भाडं नाही, की निघायचं नाव नाही. आता तेच सर मुख्याध्यापक होते, आणि त्यांच्याच शाळेत बाई दहावीच्या पोरांना सापशिडी खेळवत होत्या.

हे सगळं पुटपुटीसाठी. ही मुलगी सगळी उत्तरं ओठांतल्या ओठांत म्हणायची आणि पेपर हाती पडला की गारठायची. मागच्या चाचणीत तिने कोरा कागद दिला. “परत असं झालं तर तिला यंदा परीक्षेला बसवायचं नाही,” सरांनी बजावलं होतं.

म्हणून फरशीवर खडूची सापशिडी, खडूच्याच खोक्याचा फासा. घरात पाय पडला की प्रश्न. सापाच्या तोंडी चुकलात की थेट शेपटीला. पोरं चेकाळली. पण शिपाईमामा रोज सकाळी इमानेइतबारे सगळे साप झाडून काढायचे. शेवटी पोरांनी बाकं रंगवून उरलेला ऑइलपेंट आणला आणि मधल्या सुट्टीत साप अमर केले.

रंग अजून ओला, तोच सर दारात.

“काय तमाशा आहे हा!” म्हणत त्यांनी पाऊल टाकलं ते नेमकं थोरल्या सापाच्या तोंडात. चप्पल चिकटली.

“सर, प्रश्न घ्यावा लागेल,” मागून एकजण म्हणाला. “नियम म्हणजे नियम.” हे सरांचंच वाक्य; शाळेच्या प्रत्येक भिंतीवर त्यांनी ते रंगवून घेतलं होतं.

“विचार!”

“निर्वात पोकळीतून आवाज जातो का?”

“माझा जातो!” सर गरजले.

“नाही जात, सर. माध्यम लागतं,” कोणीतरी खणखणीत सांगितलं. सगळ्यांनी वळून पाहिलं. पुटपुटी! तिचं तिलाच नवल वाटलं.

नियमाला जागून सर चप्पल तिथेच सोडून, एका पायाने अनवाणी, खिडकीजवळच्या शेपटीवर जाऊन उभे राहिले. फासा पडत गेला, सर सरकत गेले. पोरांनी ठेका धरला:

“सापा सापा, तोंड मीट,
उत्तर माझं आहे नीट!”

शेवटचं घर दाराशी. प्रश्न निघाला, “पाण्याचं रासायनिक सूत्र?”

सरांनी तोंड उघडलं. मिटलं. कपाळावर घाम आला. सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता, आणि डोक्यातलं पाणी पार आटलं होतं.

पुटपुटी हळूच जवळ गेली. “सर, मलाही असंच होतं. येत असतं, पण सापडत नाही. आधी श्वास घ्या.”

सरांनी श्वास घेतला. “एच... टू... ओ!”

वर्गाने छप्पर डोक्यावर घेतलं. सर दाराबाहेर पडले, थांबले, एक चप्पल सावरत वळले.

“हिला परीक्षेला बसवा.” मग घसा खाकरून, “आणि... शाब्बास.”

हा शब्द सरांच्या तोंडून आजवर कोणी ऐकलेला नव्हता. कोणाला म्हणाले, म्हणून बाईंनी मागे वळून पाहिलं. मागे नुसता फळा.

“तुलाच म्हणतोय,” सर पुटपुटले. “गोट्यांचा नेमसुद्धा... तेव्हा चांगलाच होता तुझा.”