कोरडा शनिवार

नागनाथआप्पा माणसाला ओळखतात ते त्याच्या साठवलेल्या पाण्यावरून. मी त्यांच्या लेखी पंचायत समितीतला कारकून नाही. मी म्हणजे दोन निळी बॅरलं आणि एक गळक्या तोटीचा रांजण. बदली होऊन भूमला त्यांच्या गल्लीत राहायला आलो, तेव्हा ते दारातून थेट मोरीपाशी गेले, बॅरलात टॉर्च मारला आणि मग वळून म्हणाले, "भाऊसाहेब, नाव काय म्हनलं तुमचं?" मी अजून काहीच म्हटलं नव्हतं.

आप्पा आरोग्य खात्यातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. खात्यानं शाल-नारळ देऊन निरोप दिला. आप्पांनी शाल घेतली, नारळ घेतला, निरोप मात्र घेतला नाही. दर शनिवारी सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात खडू, हातात टॉर्च आणि गल्लीतली चोवीस घरं. कुठल्या पाण्यात डासाच्या अळ्या झाल्या आहेत का ते बघायचं, झाल्या असतील तर घरच्या बाईला चार शब्द सुनवायचे आणि चौकटीवर खडूनं तारीख घालायची. लग्नाला गेले तरी मांडवामागचे ड्रम तपासल्याशिवाय त्यांच्या हातून अक्षता पडत नाहीत.

डासाला ते 'बाई' म्हणतात. "चावती ती बाईच. बाप्या निस्ता हिंडतो. आन् डेंगीवाली तर दिवसाढवळ्या चावती, तिला भीड म्हनून न्हाय." हे ते बायकांसमोर सांगतात, आणि तरी बायका त्यांना चहाशिवाय सोडत नाहीत. हे कोडं मला अजून उलगडलेलं नाही.

त्यांचं खरं दुखणं म्हणजे कोरडा दिवस. आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून, घासून, वाळवायची. नोकरीत असताना एका गावात त्यांनी भोंग्यावरून पुकारलं, "शनिवारी ड्राय डे पाळा!" गावातल्या पुरुषांनी शुक्रवारीच बाटल्या भरून ठेवल्या. तेव्हापासून ते 'कोरडा दिवस' असं शुद्ध मराठीत सांगतात. पण आमच्याकडं नळ येतो आठव्या नाहीतर दहाव्या दिवशी. भरलेलं बॅरल ओता म्हटलं की बायका हसतात. "आप्पा, आमचे सातबी दिवस कोरडेच हायती."

मग त्यांनी गप्पी मासे आणले. हे मासे अळ्या खातात. बरणीत घेऊन घरोघर वाटले. समोरच्या जोशीकाकूंनी पदर तोंडाला लावला. आमच्या वापरायच्या पाण्यात मासा?

"काकू, त्यो तुमाला खात न्हाय, तुमी त्याला खाऊ नका. मिटलं," आप्पा म्हणाले.

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या बॅरलातले मासे मेले होते आणि पाणी नऊ दिवसांचं झालं होतं. अळ्या अशा वळवळत होत्या की मला उभ्या उभ्या दिसत होत्या. आता आपली धडगत नाही, म्हणून बायको आत जाऊन बसली. आप्पा आले, अर्धे बॅरलात वाकले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "बेस. एकबी न्हाय."

मला वाटलं, शेजारी म्हणून सूट दिली. मग लक्षात आलं, त्यांच्या हातातला टॉर्च पेटलेलाच नव्हता. आणि ते त्यांना कळलं नव्हतं.

मी दार लोटून घेतलं. "आप्पा, डोळ्यांचं काय झालंय?"

"मोतीबिंदू. दोनी डोळ्यांत. वरीस झालं."

"मग ऑपरेशन?"

"वाकू नका म्हंत्यात त्याच्या म्होरं. महिनाभर. वाकल्याबिगर बॅरल कसं बघू?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "गल्लीत सांगू नका भाऊसाहेब. दिसत न्हाय म्हनलं तर आत कोन घेईल? आन् महिनाभर न्हाय गेलो, तर कोन इच्यारतंय?"

हजारो लोकांना गोड बोलून, दम देऊन दवाखान्यात पाठवणारा हा माणूस स्वतः वर्षभर चोवीस घरांत आंधळा टॉर्च मारत हिंडत होता. मला राग आला. त्यांच्या 'बेस'वर विसंबून या गल्लीतलं एखादं पोर तापानं पडलं असतं. रागाच्या भरातच मी बोलून गेलो, "तुम्ही ऑपरेशन करून घ्या. फेरी मी करतो."

आप्पांनी खिशातला खडू काढून माझ्या हातावर ठेवला.

सरकारी दवाखान्यात त्यांचा एक डोळा झाला. पहिल्याच शनिवारी मी निघालो. कारकुनाचा पोटाचा घेर बॅरलात वाकायला सोयीचा नसतो. तीन घरांत अळ्या सापडल्या, ते पाणी झाडांना घातलं. काहींनी, आज तुम्ही कसे, एवढं म्हटलं. आप्पा कुठं आहेत असं फक्त दोन घरांत विचारलं. गल्लीच्या तोंडाशी बसणारा पंक्चरवाला तर खूश झाला. "बरं झालं, आज पानी साचलेले टायर उलटे कराया नकोत."

फेरी संपवून आप्पांच्या घरी गेलो. काळा चष्मा लावून ते दारात खुर्ची टाकून बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट. चुलीवर दोन कपांचा चहा कधीचा करून ठेवलेला, त्यावर साय धरली होती. अळ्या किती सापडल्या हे त्यांनी विचारलंच नाही.

"कुनी कुनी इच्यारलं?"

नोकरीत आजवर मी फायलीत नसलेलं एक अक्षर लिहिलेलं नाही. पण त्या खुर्चीतल्या माणसाकडं बघवेना. मी पहिल्या घरापासून सुरुवात केली. जोशीकाकूंनी काळजी घ्या म्हणून सांगितलंय. कुणी जेवायला बोलावलंय. कुणाला तुमच्याशिवाय करमत नाही. ओळीनं चोवीसही घरं घेतली. आप्पा मान वर करून ऐकत होते.

"पंक्चरवालाबी?"

"तो तर दोनदा," मी म्हणालो.