घड्याळकाकांचा प्रचार

"उमेदवार राहू दे बाजूला! माझा आवाज एकदा कर्ण्यातून घुमला ना, की समोरची पार्टी गारद झालीच म्हणून समजा!"

शनिवारी सकाळी असं ठणकावून घड्याळकाकांनी दुकानाचं शटर खाली ओढलं. तीस वर्षं हा माणूस डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून घड्याळांच्या पोटात चिमटा घालत आलेला. गिऱ्हाइकाशी बोलणं म्हणजे "मंगळवारी या," एवढंच. पण शेजारच्या औषध दुकानाच्या बाई निवडणुकीला उभ्या राहिल्या, ऐन वेळी त्यांच्या प्रचारकाचा घसा बसला आणि माइक काकांच्या हाती आला. झालं! काकांच्या अंगात वारंच शिरलं.

शनिवारभर टेम्पो गल्लोगल्ली फिरला. काकांची मान अशी ताठ, की मतं जणू त्यांनाच पडणार होती!

रविवारी दुपारी काकांच्या घरासमोरच टेम्पोवाल्याने चहासाठी गाडी थांबवली. काकांनी माइक बंद करायला बटण दाबलं. केसाएवढी स्प्रिंग अचूक बसवणाऱ्या त्या बोटांनी नेमकं भलतंच बटण दाबलं. माइक चालूच!

"काका, दमत कसे नाही हो तुम्ही?" टेम्पोवाल्याने विचारलं.

"दमतोय कसला! इथे मी बोलतो आणि सगळं गाव ऐकतं. घरी मी तोंड उघडलं, की बायकोला कुकर आठवतो, मुलीला फोन येतो आणि सासूबाई कानातलं यंत्रच काढून ठेवतात!"

धडाधड खिडक्या उघडल्या. माणसं गॅलरीत आली.

"बघितलंस? नुसतं साधं बोललो तरी लोक बाहेर येतात!" काकांनी सगळ्यांना हात हलवून दाखवला.

"मग हे काकूंना सांगा की."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "काय सांगू? चूक तिची नाही रे. आधी तीच रोज विचारायची, आज दुकानात काय झालं? मी म्हणायचो, काही नाही. वर्षानुवर्षं, काही नाही. मग तिनं विचारणं सोडलं. आता सांगावंसं वाटतं, तर विचारणारं कोणी नाही."

गॅलऱ्यांमधलं हसू विरलं. तेवढ्यात औषधवाल्या बाई धापा टाकत आल्या. "माइक! अहो, माइक बंद करा आधी!"

काकांनी माइककडे पाहिलं. मग कर्ण्याकडे. मग तिसऱ्या मजल्यावरच्या स्वतःच्या खिडकीकडे. तिथला पडदा हलत होता.

काका जिना चढून वर आले. दार उघडंच होतं. गॅस बंद, मुलीचा फोन टेबलावर पालथा. सासूबाईंनी यंत्र कानात घातलं होतं, वर त्याचा आवाजही वाढवत होत्या. बायकोने खुर्ची पुढे सरकवली.

"बसा. काय झालं दुकानात?"

काका खुर्चीच्या कडेवर टेकले. गावापुढे बोलणं किती सोपं होतं! ते म्हणाले, "परवा एक म्हातारे गृहस्थ आले होते. घड्याळ अगदी व्यवस्थित चालू. तरी म्हणाले, हे जरा मागे पडेल असं करून द्याल का?"

"अगंबाई! का हो?" तिघी एकदम पुढे सरकल्या.

काका खाली मान घालून म्हणाले, "ते विचारायचंच राहिलं."