नव्या ट्रकचं पांघरूण

वादळ कळतं ते मला! रेडिओवाल्याला नाही, सायरनवाल्याला नाही, मला! आमच्या पश्चिम कॅन्ससमध्ये मे महिन्यात सकाळी स्वेटर, दुपारी घामाच्या धारा आणि संध्याकाळी घराचं छप्पर शेजारच्या गावात, असा कारभार असतो. सायरन वाजला की बायका तळघरात उतरतात आणि पुरुष व्हरांड्यात येऊन कमरेवर हात ठेवून आभाळ बघतात. आमच्या परसातलं तळघर सासऱ्यांनी खणलेलं. लग्न झाल्यापासून मी त्यात पाऊल टाकलं नव्हतं, आणि हे मी ट्रूडीच्या कॉफीच्या दुकानात रोज सकाळी सगळ्यांना ऐकवत असे. कुणी विचारत नसे, पण मी ऐकवत असे.

त्या दिवशी मला वादळाची फिकीर नव्हतीच. फिकीर होती गारांची. दारात नवाकोरा लाल पिकअप ट्रक उभा होता ना! ट्रूडीच्या दुकानात गारांची मापं ठरलेली आहेत: वाटाणा, गोल्फचा चेंडू, बेसबॉल. आदल्याच आठवड्यात शेजारच्या ऑरिनच्या गाडीवर गोल्फचे चेंडू बरसले होते. गाडी देवी आल्यासारखी दिसत होती.

"नेडीन, आज बेसबॉल पडणार!" मी बायकोला म्हणालो.

"मग गुपचूप तळघरात चल."

"आणि ट्रककडे कोण बघणार?"

"त्यालाही घेऊन ये! मांडीवर घेऊन बस!"

मी वरच्या खोल्यांतल्या गाद्या ओढायला घेतल्या. गादी डोक्यावर असतानाच सायरन सुरू झाला. नेडीन खालून काहीतरी ओरडली. मी गादीतूनच "हो, हो!" म्हटलं. नवऱ्याला एवढं पुरतं.

गारा येतात नैऋत्येकडून. म्हणून मी ट्रक घराच्या मागे, उलट्या बाजूला नेऊन भिंतीला चिकटवला. धूळ अशी उठली होती की स्वतःचे बूट दिसत नव्हते. ट्रकवर गाद्या घातल्या, गाद्यांवर गोधड्या, सगळ्यात वर सासूबाईंच्या हातची लग्नातली गोधडी, आणि वरून दोरखंड आवळून गाठींवर गाठी मारल्या. वा! बाळंतिणीलासुद्धा कुणी इतकं गुंडाळत नाही.

आणि वारा एकदम थांबला.

धूळ खाली बसली. आभाळ हिरवं झालं होतं. कुठे एक पक्षी नाही, कुत्रं नाही. गव्हाच्या शेतांपलीकडे ढगाचं एक टोक खाली लोंबत होतं आणि हळूहळू फिरत होतं. कमरेवर हात ठेवायचंसुद्धा सुचेना.

"नेडीन!"

घरात कुणी नाही. तिचा रेडिओ नाही, तिचे बूट नाहीत. माझं डोकंच चालेना. ही मला शोधायला बाहेर गेली! त्या ढगाच्या दिशेने! मी परसात धावलो आणि घसा फाटेपर्यंत ओरडलो. एवढं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात ट्रकवर धाड धाड आवाज सुरू झाला. गारा! पण आभाळातून तर काहीच पडत नव्हतं. गारा खालून कशा लागतील?

"व्हर्लिन!" जमीन ओरडली. "दारावर काय ठेवलंयस रे मेल्या?"

ट्रकचं पुढचं चाक बरोबर तळघराच्या, जमिनीत आडव्या बसवलेल्या लोखंडी दारावर होतं! ज्या दाराकडे मी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं, ते.

"नेडीन, घाबरू नकोस!"

"मी आत आहे, शहाण्या! तू बाहेर आहेस! पळ कुठेतरी, लप!"

कुठे पळू? बायको इथे होती. ते टोक आता जमिनीला टेकलं होतं आणि मालगाडीसारखं धडधडत होतं. माझ्याच गाठी मला सुटेनात. मी रडत होतो, हे कबूल करतो. शेवटी खिशातल्या चाकूने दोर कापले, गादीखालून ट्रकमध्ये शिरलो आणि काही दिसत नसताना तो मागे घेतला, तशा गाद्या-गोधड्या घसरून बोनेट उघडं पडलं.

दार उघडलं. नेडीनचं डोकं वर आलं. तिने आधी मला पाहिलं, मग ट्रक पाहिला, मग आपल्या आईची गोधडी पाहिली. तिच्या हातात काकडीच्या लोणच्याची बरणी होती. ती तिने माझ्या दिशेने भिरकावली, आणि मग माझी कॉलर धरून मला आत ओढलं.

वावटळ शेताच्या कडेने निघून गेली. आत अंधारात आम्ही एकमेकांना घट्ट धरून बसलो होतो. "मला वाटलं, गेलास तू," ती म्हणाली.

गार? एकसुद्धा पडली नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रूडीच्या दुकानासमोर सगळे माझ्या ट्रकभोवती जमले. बोनेटच्या मधोमध एकच खड्डा होता, पण काय खड्डा!

"बाप रे!" ऑरिन म्हणाला. "केवढी होती रे गार?"

नेडीन शेजारीच उभी होती. मी टोपी काढून हातात घेतली.

"लोणच्याच्या बरणीएवढी," मी म्हणालो.